वाचकांचे प्रश्न : दूरदूरच्या सहकाऱ्यांनी मिळून विचार करायचा कसा?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी खानदेशातील चार पत्रे एकाच अडचणीबद्दल आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. निरनिराळ्या गावी बसलेल्या सहकाऱ्यांनी फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर एकत्र येऊन नव्या कल्पना शोधायच्या, ज्याला आपण विचारमंथन किंवा सरळ ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतो, ते काम मनासारखे होत नाही, ही ती अडचण. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांब ठेवले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार त्यातच आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतील केळी उत्पादकांची आमची कंपनी आहे आणि तिचे व्यवस्थापन मी जळगावहून पाहते. आम्ही एकूण अकरा जण आहोत. चौघे बागांवर फिरतात, दोघे पॅकहाऊस सांभाळतात, हिशेबनीस जळगावात, निर्यातीची कागदपत्रे पाहणारी मुलगी नवी मुंबईत आणि संगणकाचे काम करणारा मुलगा पुण्यात असतो. अध्यक्षांना आम्ही सगळे आबा म्हणतो. दर सोमवारी व्हिडिओवर तासभर बैठक होते. काढणीपासून पॅकिंगपर्यंत माल खराब होतो, त्यावर नवे उपाय काढावेत म्हणून मी सलग तीन बैठका घेतल्या. आबा अनुभवी आणि प्रेमळ आहेत, पण पहिले मत त्यांचे येते आणि मग सगळे ‘आबा म्हणतात ते बरोबर आहे’ म्हणून थांबतात. तीन बैठकांत सात सूचना आल्या आणि सातही जुन्याच होत्या. तिसरी बैठक संपल्यावर अर्ध्या तासाने बागेवरच्या एका मुलाचा फोन आला. घड खांद्यावरून बांधापर्यंत आणून जमिनीवर टेकवण्याऐवजी बागेतच फण्या सुट्या करून, आत फोम लावलेल्या क्रेटमध्ये भरल्या तर मार कमी बसेल, असे तो म्हणाला. ‘हे बैठकीत का नाही सांगितलेस?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘ताई, माझी पाळी येईपर्यंत विषय पुढे गेला होता.’ अशा कामासाठी सगळ्यांना दर वेळी जळगावला बोलवावे का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दर वेळी सगळ्यांना जळगावला बोलावण्याची गरज नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची गोष्ट त्या मुलाचा फोन ही आहे. त्याने एका वाक्यात जे सांगितले, त्याचा उलगडा होण्यासाठी मानसशास्त्राच्या अभ्यासकांना जवळजवळ तीस वर्षे लागली.

ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरात व्यावसायिकाने रूढ केली आणि १९५३ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाने ती सर्वदूर पोहोचवली. कोणत्याही सूचनेवर लगेच टीका करू नये, सूचना भरपूर याव्यात, विचित्र वाटणारी सूचनाही मांडू द्यावी आणि दुसऱ्याच्या सूचनेवर आपली भर घालावी, हे त्यांचे चार नियम. गटात बसलेल्या माणसाला एकट्यापेक्षा दुप्पट कल्पना सुचतात, असा त्यांचा दावा होता. १९५८ साली येल विद्यापीठातील संशोधकांनी हा दावा तपासला. चौघांच्या गटांना काही प्रश्न दिले, त्यांतला एक असा होता की माणसाच्या प्रत्येक हाताला एक जादा अंगठा असता तर त्याचे फायदे-तोटे काय झाले असते. तेच प्रश्न एकएकट्याने बसलेल्या माणसांनाही दिले. नंतर अशा चौघांच्या याद्या एकत्र केल्या आणि सारख्या सूचना एकदाच मोजल्या, तरीसुद्धा एकएकट्याने विचार करणाऱ्यांच्या कल्पना गटापेक्षा जवळजवळ दुप्पट भरल्या. म्हणजे दावा उलटा निघाला.

असे का व्हावे, हे १९८७ साली मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या दोघा संशोधकांनी दाखवले. काही जण अंग चोरतात, काहींना लोक काय म्हणतील याची भीती वाटते, ही कारणे त्यांनी तपासली. पण सर्वांत भारी ठरले ते कारण फार साधे होते. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे थांबतात, आणि थांबलेल्या वेळात आपली सूचना लक्षात ठेवण्यात किंवा ती अजून सांगण्याजोगी आहे की नाही याचा निवाडा करण्यात त्यांचे डोके गुंतते, त्यामुळे नवे काही सुचत नाही. त्यांच्या एका प्रयोगात माणसे वेगवेगळ्या खोल्यांत बसवली होती आणि दुसरा कोणी बोलत असला की समोरचा दिवा ते दाखवी. दिवा लागलेला असेपर्यंत बोलायचे नाही, एवढाच नियम. एकमेकांचे तोंडही न पाहता, केवळ थांबावे लागल्यामुळे त्यांच्या कल्पना घटल्या. हा प्रयोग मी प्रथम वाचला तेव्हा इंटरनेटवरच्या बैठका अस्तित्वात नव्हत्या. आज तो पुन्हा आठवतो तेव्हा आपली सोमवारची बैठकच डोळ्यांपुढे येते. अकरा माणसे अकरा ठिकाणी बसली आहेत, एकाच्या नावाभोवती चौकट उजळली आहे आणि दहा जण म्यूटवर थांबले आहेत. त्यात आवाज अर्धा-एक सेकंद उशिरा पोहोचतो, दोघे एकदम बोलतात, दोघेही ‘तुम्ही बोला’ म्हणून गप्प होतात, आणि यावलच्या बागेत उभा असलेला मुलगा रेंज सांभाळत आपली पाळी शोधत राहतो.

आणखी एक अभ्यास आपल्या उपयोगाचा आहे. मेलानी ब्रुक्स आणि जोनाथन लेवाव यांनी तो २०२२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत ६०२ जणांच्या जोड्या करून काहींना एका खोलीत आणि काहींना व्हिडिओवर बसवले आणि फेकायच्या प्लास्टिकच्या चकतीसारख्या वस्तूचे नवे उपयोग सुचवायला सांगितले. व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या. पाच देशांतील १,४९० अभियंत्यांबाबतही हेच आढळले. त्यांनी दिलेले कारण विचार करण्याजोगे आहे. व्हिडिओवर बोलताना आपली नजर पडद्यावरच्या चेहऱ्याला खिळते, खोलीत इकडेतिकडे फिरत नाही, आणि नजर आखडली की विचारही आखडतो. मात्र सुचलेल्या कल्पनांमधून चांगली कोणती हे निवडण्यात व्हिडिओवरच्या जोड्या मुळीच मागे पडल्या नाहीत.

या सगळ्यावरून माझे मत ठाम झाले आहे ते असे : दूरच्या सहकाऱ्यांच्या बैठकीत कल्पना शोधू नयेत, कल्पना प्रत्येकाने आधी आपल्या जागी, आपल्या वेळेला, लिहून काढाव्यात आणि बैठक फक्त त्या समजून घेण्यासाठी, जोडण्यासाठी आणि निवडण्यासाठी घ्यावी. आपण एकाच तासात दोन्ही कामे करू पाहत होता, आणि त्यांतले पहिले काम त्या तासात होण्यासारखे नव्हतेच.

आता प्रत्यक्ष कसे करावे ते सांगतो. सुरुवात प्रश्नापासून करावी, कारण प्रश्न सैल असला की उत्तरेही सैलच येतात. ‘माल खराब होण्याचे प्रमाण कसे कमी करावे?’ या प्रश्नाला ‘काळजी घ्यावी’, ‘मजुरांना समज द्यावी’ अशीच उत्तरे येणार. त्याऐवजी असे विचारावे : ‘घड झाडावरून कापल्यापासून पॅकहाऊसच्या पाण्याच्या टाकीत पडेपर्यंत त्याला किती वेळा हात लागतो, तो किती वेळा टेकतो, आणि त्यांतला एक तरी टप्पा कसा गाळता येईल?’ या प्रश्नात माणसाला डोळ्यांपुढे बाग दिसते. दुसरा प्रश्न उन्हाचा ठेवता येईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि केळी साठवायची ती १३-१४ अंशांना; मग कापलेला घड उन्हात एकूण किती मिनिटे राहतो आणि ती मिनिटे कुठे वाचतील? एका वेळी असा एकच प्रश्न घ्यावा.

हा प्रश्न बैठकीच्या दोन दिवस आधी, म्हणजे शनिवारी, प्रत्येकाला स्वतंत्रपणे पाठवावा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नये, कारण तिथे पहिले उत्तर आले की बाकीचे त्याच्या मागे जातात. प्रत्येकाने किमान पाच सूचना रविवार रात्रीपर्यंत फक्त आपल्याला पाठवाव्यात. बागेवरच्या मुलांना लिहिण्याचा कंटाळा असेल तर व्हॉइस नोट पाठवू द्यावी, आणि ती त्यांनी ज्या बोलीत घरी बोलतात त्या बोलीत पाठवावी असे आवर्जून सांगावे. बैठकीत माणूस शुद्ध बोलायचे म्हणून अर्धे गाळतो. अहिराणीत किंवा तावडीत बोलताना तो बारीकसारीक सगळे सांगतो, आणि आपल्याला हवे असते ते नेमके तेच बारीकसारीक. शिवाय बागेत उभ्या असलेल्या माणसाची नजर पडद्यावर नसते, घडावर असते. वरच्या अभ्यासाचा हा साधा उपयोग आहे.

आलेल्या सगळ्या सूचना आपण स्वतः एका शीटवर उतरवाव्यात, नावांशिवाय. ही मेहनत दुसऱ्यावर टाकू नये. शब्द शक्यतो सांगणाऱ्याचेच ठेवावेत, फक्त ओळख पटेल असे काही असले तर ते काढावे.

सोमवारच्या बैठकीत पहिली पंचवीस मिनिटे कोणीही बोलायचे नाही. हे ऐकायला विचित्र वाटेल, परंतु याला चांगला आधार आहे. बेर्न्ड रोरबाख या जर्मन व्यावसायिकाने १९६८ साली ‘६-३-५’ नावाची पद्धत मांडली. सहा जणांनी पाच मिनिटांत कागदावर तीन-तीन सूचना लिहायच्या, मग कागद शेजाऱ्याला द्यायचा, त्याने आधीच्या सूचना वाचून आणखी तीन लिहायच्या, असे सहा वेळा फिरले की अर्ध्या तासात १०८ सूचना होतात. आपण संचालन करणार, म्हणजे उरले दहा. पाच-पाच जणांचे दोन गट करावेत, शीटवर प्रत्येकाला एक रकाना द्यावा आणि दर पाच मिनिटांनी आपण ‘पुढच्या रकान्यावर चला’ एवढेच म्हणावे. पाच फेऱ्यांत दोन्ही गटांचे मिळून दीडशे खाने होतात. सगळे भरणार नाहीत, आणि भरलेल्यांत पुष्कळ पुनरुक्ती असेल. पण बागेतल्या माणसाच्या सूचनेवर पॅकहाऊसवाल्याने भर घातली आणि त्यावर नवी मुंबईच्या मुलीने खरेदीदाराची अट आठवून आणखी एक पुस्ती जोडली, हे घडण्यासाठीच ही फेरी आहे. ऑसबॉर्न यांचा चौथा नियम मला आजही योग्य वाटतो, त्याला फक्त बोलण्याऐवजी लिहिण्याची जोड हवी. ज्यांच्याकडे साधाच फोन आहे किंवा ज्यांची रेंज जाते, त्यांनी आपला मजकूर आपल्याला संदेशाने पाठवावा आणि जळगावच्या हिशेबनीसांनी तो शीटवर चढवावा. कॅमेरा या काळात सगळ्यांनी बंद ठेवावा, नेटही वाचते आणि नजरही मोकळी राहते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. जळगावच्या कार्यालयात तिघे-चौघे एका टेबलाभोवती आणि बाकीचे पडद्यावर, अशी मिश्र बैठक घेऊ नये. टेबलावरचे आपसात बोलतात, हसतात, खुणा करतात, आणि दूरचा माणूस नुसता श्रोता होतो. एक जण जरी दूर असला तरी सगळ्यांनी आपापल्या फोनवरूनच बैठकीत यावे.

आता आबांविषयी. त्यांना बैठकीबाहेर ठेवण्याचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्यावा, त्यांच्या अनुभवाची कंपनीला गरज आहे. त्यांच्याशी आधी एकट्याने, घरी जाऊन बोलावे. ‘आबा, तुम्ही बोललात की मुले थांबतात, तुमच्याबद्दलच्या आदरामुळे थांबतात, म्हणून तुम्ही शेवटी बोला,’ असे सरळ सांगितले तर समजूतदार माणूस रागावत नाही. लेखनाच्या फेरीत त्यांनीही इतरांसारखेच नावाशिवाय लिहावे. आबांना पटवताना पांझरेवरच्या फड पद्धतीचा दाखला देता येईल. धुळे जिल्ह्यात बंधाऱ्याचे पाणी शेकडो वर्षे अशाच शिस्तीने वाटले गेले. ज्याचे शेत पाटाच्या तोंडाशी आहे त्यानेही पाणी स्वतः फोडून घ्यायचे नाही, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे द्यायचे. आबांचे शेत पाटाच्या तोंडाशी आहे, आणि पाटकरी आपण आहात.

निवडीसाठी उरलेली पस्तीस मिनिटे पुरतात. सारख्या सूचना एकत्र करून पंधरा-वीस मथळे करावेत, अस्पष्ट सूचनेचा अर्थ विचारावा, आणि मग प्रत्येकाने तीन मते गुपचूप आपल्याला पाठवावीत. मते मोजून झाल्यावर चर्चा, आणि चर्चेत सर्वांत शेवटी आबा. दोन सूचना निवडल्या तरी खूप झाल्या. त्यांपैकी प्रत्येक एका बागेत दोन आठवडे करून पाहावी, कोणी पाहायची हे त्याच बैठकीत ठरवावे.

आणि उरलेल्या सूचनांचे काय झाले, हे सगळ्यांना लेखी कळवावे. मी अनेक संस्थांच्या बैठका पाहिल्या आहेत आणि माझा अनुभव असा आहे की दुसऱ्या वेळी लोक गप्प बसतात ते पहिल्या वेळच्या सूचनांचा पत्ता न लागल्यामुळे. ‘ही सूचना चांगली आहे, पण क्रेटचा खर्च या हंगामात परवडत नाही, दिवाळीनंतर पाहू’ एवढे एक वाक्य पुरते. सांगणाऱ्याला नकार सहन होतो, पण उत्तरच न येणे सहन होत नाही.

वर्षातून एकदा, हंगाम सैल असताना, सगळ्यांना एखाद्या बागेत नक्की जमवावे. त्या दिवशी कल्पनांची सक्ती नको. एकत्र जेवण, बागेतून फेरफटका आणि एकमेकांच्या कामाची ओळख झाली की पुढच्या लेखी फेरीत कोणाच्या ओळीवर भर घालायला कोणी कचरत नाही.

प्रश्न : मी धुळ्यात देवपूर भागात राहून पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरून करतो. संघात चौदा जण आहेत, तिघे जर्मनीत असतात. विचारमंथनाच्या बैठका इंग्रजीत आणि फार वेगाने होतात. मनात वाक्य जुळवेपर्यंत दुसरा कोणी तीच गोष्ट सांगून मोकळा होतो. मी संघप्रमुख नसल्यामुळे बैठकीची पद्धत बदलू शकत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुमची अडचण वरच्या पत्रातील बागेवरच्या मुलाचीच आहे. आपण इंग्रजीत कमी पडतो असा तुमचा समज दिसतो. भाषेमुळे थोडा उशीर होतो हे खरे, पण चौदा माणसांनी एका वेळी एकानेच बोलायचे म्हटल्यावर सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्यांपैकीही निम्मे थांबूनच राहतात.

तुमच्या हाती दोन गोष्टी आहेत. बैठकीचा विषय आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि रात्री वीस मिनिटे त्यावर मराठीत लिहावे, व्याकरणाकडे किंवा इंग्रजी शब्दाकडे न पाहता. सकाळी त्यांतल्या तीन सूचना निवडून प्रत्येकी दोन ओळींत इंग्रजीत कराव्यात आणि बैठक सुरू होताच चॅटमध्ये टाकाव्यात. मग कोणी तीच सूचना तोंडी मांडली तरी तुमची ओळ वेळेसह तिथे असते, आणि तुम्हाला फक्त ‘मी वर लिहिले आहे त्यात एक भर घालतो’ एवढेच बोलायचे राहते. तयार मजकुरावर भर घालणे हे कोऱ्या मनाने बोलण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

दुसरी गोष्ट संघप्रमुखांना विनंती करण्याची. पहिली दहा मिनिटे सर्वांनी एकाच फाइलमध्ये एकाच वेळी मुकाट्याने लिहावे आणि नंतर बोलावे, एवढाच बदल एका बैठकीपुरता करून पाहण्यास सुचवावे. १९९०च्या सुमारास संगणकावर एकाच वेळी टाइप करून विचारमंथन करण्याचे प्रयोग झाले, तेव्हा बोलण्याच्या बैठकीत माणसे वाढली की अडचण वाढते, पण टाइप करण्याच्या बैठकीत मोठ्या गटाचा फायदा दिसतो, असे आढळले. चौदा जणांच्या संघाला हे लागू पडते. जर्मनीतील तिघांनाही त्यामुळे आपल्या सोयीने आधी लिहिता येईल. त्यांचे घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. सकाळी दहाची बैठक म्हणजे त्यांना डिसेंबरात पहाटे साडेपाच वाजता उठवणे होय. दुपारी अडीच-तीनच्या आधी त्यांना बोलावू नये, हेही विनंतीत जोडावे. अशी विनंती केवळ स्वतःसाठी नसते, म्हणून ती मान्य होण्याचा संभव अधिक.

प्रश्न : आमची संस्था नंदुरबार जिल्ह्यात धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवर मुलांसाठी अभ्यासिका चालवते. सतरा शिक्षक-कार्यकर्ते आहेत, त्यांपैकी निम्म्यांच्या पाड्यावर रेंज मिळत नाही. व्हिडिओ बैठक शक्यच नाही. मुलांची गळती थांबवण्यासाठी सगळ्यांच्या डोक्यातून उपाय काढायचे आहेत. यासाठी काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि आपल्या परिस्थितीत तो व्हिडिओ बैठकीपेक्षा चांगला ठरण्याची शक्यता आहे. अमेरिकेतील रँड या संस्थेत १९५०च्या दशकात डेल्फी नावाची पद्धत विकसित झाली. जाणकारांना एकत्र न बसवता त्यांची मते लेखी मागवायची, नावे काढून त्यांचा गोषवारा सगळ्यांना परत पाठवायचा, आणि तो वाचून प्रत्येकाने आपले मत पुन्हा द्यायचे, अशा दोन-तीन फेऱ्या करायच्या. यात कोणी कोणाच्या दडपणाखाली येत नाही आणि सगळे एकाच वेळी हजर असण्याची अट नसते.

आपले कार्यकर्ते आठवडी बाजाराच्या दिवशी खाली उतरत असतील, तिथे रेंज असते. त्याच दिवसाला फेरीचा दिवस करावे. पहिल्या बाजारी प्रश्न द्यावा, दुसऱ्या बाजारी व्हॉइस नोट किंवा हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो घ्यावा, तिसऱ्या बाजारी गोषवारा परत द्यावा आणि चौथ्या बाजारी त्यावरची भर गोळा करावी. महिना लागेल, परंतु मधल्या सात दिवसांत कार्यकर्ता तो प्रश्न मनात घेऊन पाड्यावर फिरतो, पालकांशी बोलतो, आणि हा फायदा तासाभराच्या बैठकीत कधीही मिळणार नाही. प्रश्न करताना ‘गळती’ हा शब्द टाळावा. ‘तुमच्या पाड्यावर मागच्या महिन्यात यायचे थांबलेले एक मूल आठवा, ते शेवटचे आले त्या आठवड्यात त्याच्या घरी काय चालले होते?’ असे विचारावे. भिली किंवा पावरी बोलीत आलेल्या नोंदींचा मराठी गोषवारा करताना ती बोली जाणणारा माणूस सोबत हवा, आणि गोषवारा तोंडी स्वरूपातही परत जावा, म्हणजे ज्यांना वाचनापेक्षा ऐकणे सोपे वाटते ते मागे पडणार नाहीत.

प्रश्न : आम्ही भुसावळ, मनमाड आणि नागपूर येथे राहणारे सहा मित्र मिळून एक छोटा व्यवसाय सुरू करत आहोत. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की आता कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की दहा मिनिटांत शंभर कल्पना मिळतात, मग आपण सहा जणांनी रात्री जागून डोके का शिणवावे? आपले मत काय?

उत्तर : साधन वापरण्यास माझी हरकत नाही, फक्त ते केव्हा वापरावे हे महत्त्वाचे आहे. २०२४ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांचा एक अभ्यास आला. ज्या लेखकांना लघुकथेसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून कल्पना मिळाल्या, त्यांच्या कथा एकेकट्या पाहिल्या तर वाचकांना अधिक चांगल्या वाटल्या, पण त्या सगळ्या कथा एकमेकींसारख्या होत गेल्या. तुमचे सहा जण एकाच साधनाला आधी विचारू लागले तर सहा डोक्यांतून एकच यादी निघण्याचा धोका आहे, आणि तीच यादी तुमच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळालेली असेल.

म्हणून सहाही जणांनी आधी आपापल्या गावी बसून, साधन बंद ठेवून, स्वतःची यादी करावी. भुसावळच्या मित्राने जंक्शनवर रात्री उतरणाऱ्या प्रवाशाला काय हवे असते ते पाहून लिहावे, मनमाडच्या मित्राने त्याला तिथे जे दिसते ते लिहावे. सहाही याद्या एकत्र आल्यावर त्या साधनापुढे ठेवाव्यात आणि त्याला नव्या कल्पना न मागता ‘यात कोणती बाजू पाहायची राहून गेली आहे?’ असे विचारावे. आलेले उत्तर सातव्या सभासदाचे समजून त्याच शीटवर, त्याच मतदानाला ठेवावे. रात्री जागण्याची मात्र खरोखरच गरज नाही. सकाळचे वीस मिनिटांचे लेखन आणि संध्याकाळची अर्ध्या तासाची बैठक सहा जणांना पुरेशी आहे.